व्हायोल, ल्यूट आणि आवाज : सतराव्या शतकातलं इंग्लिश चेंबर संगीत त्या काळच्या वाद्यांवर कसं बसवायचं

हे संगीत मुळात श्रोत्यांसाठी कमी आणि वाजवणाऱ्यांसाठी जास्त लिहिलेलं आहे. घरातल्या टेबलाभोवती बसलेले चार-सहा जण, प्रत्येकापुढे फक्त स्वतःच्या ओळीची वही, आणि ऐकायला कुणी असलंच तर घरातलंच. यात मुख्य वादक आणि साथीदार अशी विभागणी जवळजवळ नसते. प्रत्येक ओळीला बोलावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं निम्मं काम पहिला सूर निघण्याआधीच होतं: तारा निवडताना, पडदे बांधताना, गज हातात घेताना. पुढचा क्रम म्हणूनच वाद्यापासून सुरू होऊन शब्दांकडे जातो.

आधी कालखंड ठरवा

सतरावं शतक म्हणजे एकच शैली नव्हे. १६०४ मध्ये जॉन डाउलंडने ल्यूट (गिटारसारखं छेडून वाजवायचं वाद्य) आणि पाच व्हायोल (पडद्यांची गजवाद्यं) किंवा व्हायोलिन यांच्यासाठी ‘लाक्रिमे’ हा संग्रह छापला, तेव्हाचा नाद वेगळा. १६३०च्या दशकात पहिल्या चार्ल्सच्या दरबारात विल्यम लॉझ दोन व्हायोलिन, दोन बास व्हायोल आणि दोन थिऑर्बो (लांब खालच्या तारांच्या मोठ्या ल्यूट) एकत्र आणत होता. तो १६४५ मध्ये यादवी युद्धात चेस्टरजवळ मारला गेला. १६६० नंतर दुसऱ्या चार्ल्सने दरबारात व्हायोलिनवादकांचा मोठा ताफा ठेवला आणि व्हायोल हळूहळू मागे पडला. १६८० च्या उन्हाळ्यात विशीतला संगीतकार हेन्री पर्सेल व्हायोलच्या फँटेझिया (एकमेकांत विणलेल्या ओळींच्या वाद्यरचना) लिहीत होता, तेव्हा तो प्रकार जुना झालेला होता.

एकाच संध्याकाळी डाउलंड ते पर्सेल सगळं घ्यायचा मोह टाळा. दर वीस मिनिटांनी वाद्यं बदलावी लागतात आणि श्रोत्यांच्या वाट्याला मुख्यतः सूर जुळवणंच येतं. एक गायक, एक ल्यूट आणि तीन-चार व्हायोल असतील तर १६००–१६२५ हा पट्टा उत्तम: डाउलंड आणि रॉबर्ट जॉन्सनची गाणी, ऑर्लँडो गिबन्सच्या तीन भागांच्या (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन ओळींच्या) फँटेझिया, धाकट्या अल्फोन्सो फेराबोस्कोच्या चार भागांच्या फँटेझिया. पाचवा वादक नवशिका असेल तर मात्र पर्सेलची ‘एका स्वरावरची फँटेझिया’ घ्यायला हरकत नाही. तिच्यात एक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मधला सी धरून असतो. दिसायला सोपं, पण गज बदललेला ऐकू येऊ न देता तो स्वर सलग ठेवणं हा चांगला धडा आहे.

वाद्यं आणि तारा

व्हायोल म्हणजे जुनं व्हायोलिन नव्हे. सहा तारा, तातीचे बांधलेले सात पडदे, सपाट पाठ, आणि तिन्ही मापं (लहान ट्रेबल, मधला टेनर, मोठा बास) पायांत धरून वाजवायची. बास पोटऱ्यांमध्ये पकडायचा. चेलोसारखी खाली टेकण्याची सळई नसते. तारा सा-म अंतराने लावतात, फक्त मधल्या जोडीत सा-ग. बासचे स्वर खालून वर डी, जी, सी, ई, ए, डी. ट्रेबलचे तेच, एक सप्तक वर. टेनरचे जी, सी, एफ, ए, डी, जी. थॉमस मेसने १६७६ मध्ये चांगल्या संचाची व्याख्या दिली आहे: दोन बास, दोन टेनर, दोन ट्रेबल, सगळे एकमेकांच्या प्रमाणात. तिघांपासून सुरुवात करणाऱ्यांनी निदान टेनर आणि ट्रेबल एकाच कारागिराचे पाहावेत. एक वाद्य फार मोठ्या आवाजाचं असलं की बाकीचे दाबून वाजवू लागतात.

तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. ४१५ हर्ट्‌झ पट्टी आणि ७० सेंटीमीटर लांबीच्या बासवर सर्वात वरची डी तार साधारण ०.६५ मिलिमीटरची बसते. खालच्या तारांवर धातूचं वेटोळं असलेल्या तारांचा उल्लेख इंग्लंडमध्ये १६६० च्या दशकात येतो. त्याआधीच्या संगीताला खाली जाड, पिळलेली तात लावली तर आवाज थोडा घोगरा, उशिरा उठणारा मिळतो. तो दोष समजू नका. मध्य भाग मोकळा राहतो आणि टेनरच्या ओळी ऐकू येतात. वेटोळ्याची तार लावलीच तर सर्वात खालच्या एका-दोन तारांपुरती.

ल्यूट मिळत नसेल तर सरावापुरता गिटार चालतो. तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी चिमटी) लावा आणि तिसरी तार अर्धा स्वर उतरवा; जी ल्यूटचीच मांडणी मिळते. इंग्लंडमधली टॅब्लेचर (स्वरांऐवजी बोटांच्या जागा दाखवणारी लिपी) थेट वाचता येते: सहा ओळी, सर्वात वरची ओळ म्हणजे सर्वात उंच तार, मोकळ्या तारेला ए, पहिल्या पडद्याला बी, याप्रमाणे अक्षरं, आणि वर लयीच्या खुणा. जे हे अक्षर वापरत नाहीत, त्यामुळे आयनंतर थेट के येतं आणि तो नववा पडदा असतो. इथे अनेकजण एका पडद्याने चुकतात.

पट्टी, मीनटोन आणि पडदे

पट्टी ४१५ धरा. त्या काळी इंग्लंडमध्ये एकच पट्टी नव्हती. ४१५ ही आजची सोय आहे, कारण ४४० च्या कीबोर्डपेक्षा ती बरोबर अर्धा स्वर खाली येते. घरगुती ऑर्गन किंवा स्पिनेट (तारांचं छोटं कीबोर्ड वाद्य) सोबत असेल तर त्याची पट्टी आणि स्वरव्यवस्था आधी ठरवा, व्हायोल त्याला जुळवा. उलटं कधी करू नका.

खरा प्रश्न स्वरव्यवस्थेचा. समान बाराच्या व्यवस्थेत (सप्तकाचे बारा सारखे भाग) गंधार सुमारे १४ सेंटने चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ज्याच्या कानात बसला आहे त्याला हा चढेपणा लगेच खुपतो. मीनटोन म्हणजे पंचम किंचित कमी करून गंधार शुद्धाजवळ आणणारी व्यवस्था; पाव-कॉमा, षष्ठांश-कॉमा ही त्या कमी करण्याची मापं. पाव-कॉमा मीनटोनमध्ये नेमका तो शुद्ध गंधार मिळतो, पण त्यात शार्प (अर्धा स्वर चढवलेले) आणि फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेले) स्वर एकमेकांपासून इतके दूर जातात की पडद्यांचं वाद्य अवघड होतं. व्हायोल संचासाठी षष्ठांश-कॉमा ही व्यवहार्य तडजोड आहे. ट्यूनरवर समान व्यवस्थेच्या तुलनेत फरक असे: ए शून्य, डी अधिक २, जी अधिक ३, सी अधिक ५, एफ अधिक ७, ई उणे २.

कानाने जुळवताना एक चूक फार होते. सगळी सा-म अंतरं पूर्ण शुद्ध लावली की सी आणि ई यांमधला गंधार भयंकर चढा होतो, कारण दोन डींमधली दोन सप्तकं ठरलेली आहेत आणि चार मध्यमांनी जेवढं कमी घेतलं तेवढं सगळं त्या एका गंधारावर पडतं. म्हणून आधी दोन्ही डी आणि मधली ए ट्यूनरवर नक्की करा, मग सी-ई गंधार कानाला गोड होईपर्यंत उतरवा, आणि उरलेली सा-म अंतरं त्याला जुळवताना किंचित रुंद राहू द्या.

पडदे सतारीसारखेच सरकवता येतात, पण ते धातूचे नसून तातीचे, मानेभोवती बांधलेले. ७० सेंटीमीटर तारेवर षष्ठांश-कॉमासाठी नटपासूनची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनची) अंतरं अशी: दुसरा ७.५, तिसरा ११.३, चौथा १४.२, पाचवा १७.६, सातवा २३.२ सेंटीमीटर. या पाच पडद्यांवर सर्व तारांना एकाच जातीचं अंतर लागतं, त्यामुळे भांडण नाही. भांडण पहिल्या आणि सहाव्यावर आहे. पहिल्या पडद्यावर डी तारेवर ई फ्लॅट, ई तारेवर एफ, ए तारेवर बी फ्लॅट. या सगळ्यांना पडदा ४.२ सेंटीमीटरवर हवा. पण जी आणि सी तारांवर तिथेच जी शार्प आणि सी शार्प लागतात, त्यांना ३.५ वर. सात मिलिमीटरचा फरक, कानाला सुमारे २० सेंट.

पडदा तिरपा करून हे सुटत नाही, कारण वेगळं वागणाऱ्या दोन्ही तारा मध्ये शेजारी-शेजारी आहेत. उपाय दोन. एक, पहिल्या पडद्याच्या नटकडच्या बाजूला फक्त त्या दोन तारांखाली तातीचा छोटा तुकडा चिकटवणे. तो मुख्य पडद्याहून किंचित जाड हवा, नाहीतर तार मुख्य पडद्याला टेकून खणखणते. दुसरा, पडदा कार्यक्रमातल्या रचनांच्या कलाने नटकडच्या बाजूला ठेवणे आणि फ्लॅट स्वर बोटाने तार दाबून वा किंचित बाजूला ओढून चढवणे. पडद्यावरचा स्वर चढवता येतो, उतरवणं फार कठीण. म्हणून शंका असेल तेव्हा पडदा नटकडे ठेवा. वरची मापंही आरंभबिंदूच आहेत. तार दाबताना स्वर थोडा चढतो, तेव्हा शेवटचा मिलिमीटर कानानेच.

पडदा बांधण्याची रीत:

१. बाससाठी पहिल्या पडद्याला साधारण १.१ मिलिमीटर तात घ्या आणि सातव्यापर्यंत ती ०.९ पर्यंत बारीक करत न्या. घोडीकडचा पडदा जाड राहिला तर नटकडच्या पडद्यावर दाबलेली तार त्याला घासते.

२. तात तारांखालून घालून मानेभोवती फिरवा. पडदा हवा त्या जागेपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर नटकडे बांधा. मान तिथे बारीक असते. मग पडदा घोडीकडे सरकवला की आपोआप घट्ट होतो. पहिल्या पडद्याला ही जागा मिळत नाही, तिथे बारीक पक्कडीने ओढूनच घट्ट करावा लागतो.

३. गाठ जाड तारेच्या बाजूला, फिंगरबोर्डच्या कडेखाली आली पाहिजे, बोटांच्या वाटेत नाही.

४. टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा आणि तापलेल्या सळईने हलकेच जाळा. टोकाला मणी तयार होतो आणि गाठ सुटत नाही. मानेखाली जाड पुठ्ठा धरा. वॉर्निशवरचा डाग जात नाही.

नवा पडदा पहिल्या दिवशी सैल होतोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवा, तोवर त्याच्यावर स्वरांचा हिशोब करू नका.

गज

गज तळहात वर करून, खालून धरतात. सारंगीवादकाला ही पकड परकी वाटणार नाही. चेलोवादकाला महिनाभर त्रास होतो. क्रिस्टोफर सिम्पसनने १६५९ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे अंगठा आणि पहिलं बोट काठीवर, मधल्या बोटाचं टोक केसांना टेकलेलं. केसांचा ताण त्या बोटाने वाजवताना कमी-जास्त होतो आणि शब्दासारखा उच्चार तिथूनच येतो. ते बोट निष्क्रिय राहिलं तर सगळे स्वर एकसारखे आणि बुळबुळीत निघतात.

व्हायोलवर जोरदार हालचाल म्हणजे गज टोकाकडून मुठीकडे ढकलणे. सिम्पसनचा नियम सोपा आहे: छोट्या स्वरांची संख्या सम असेल तर ढकलून सुरू करा. व्हायोलिनवर नेमकं उलट, तिथे ओढणं जोरदार. विल्यम लॉझसारख्या मिश्र संचात वरच्या-खालच्या बाणांच्या खुणा सर्वांना एकसारख्या वाटल्या की अर्धा संच उलट्या आघातावर जातो. त्याऐवजी प्रतीवर फक्त जड आणि हलका अशा खुणा करा, प्रत्येकजण आपल्या वाद्याप्रमाणे त्या पाळेल.

बासवर गज घोडीपासून सहा-सात सेंटीमीटरवर ठेवा, ट्रेबलवर त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर. तात लगेच बोलत नाही, म्हणून आधी केस तारेला चिकटवा, मग हलवा. जोर देऊन आवाज वाढवायला गेलं की तात किंचाळते. वेगाने मिळतं ते वजनाने मिळत नाही. राळ अगदी थोडी. डाव्या हाताची बोटं गरज संपेपर्यंत उचलू नका: धरून ठेवलेल्या बोटांमुळे आधीचा स्वर गुंजत राहतो आणि संचाला तो एकजीव नाद मिळतो. सतत व्हायब्रेटो नको. दुसऱ्या बोटाने शेजारी थरथर देण्याचा एक अलंकार त्या काळी होता, पण तो अलंकार होता, रंग नव्हे.

फँटेझिया बसवताना

जुन्या वह्यांत बऱ्याचदा मात्रांच्या उभ्या रेघा नसतात. आधुनिक प्रतीत त्या घातलेल्या असल्या तरी त्यांच्यावर आघात देऊ नका. प्रत्येक ओळीचे आघात वेगवेगळ्या जागी पडतात आणि संगीत त्यावरच चालतं.

सरावाची एक कामी येणारी पद्धत: आधी रचनेतले सगळे ‘विषय’ शोधा, म्हणजे एकामागोमाग एक भागांत फिरणाऱ्या छोट्या सुरावटी. प्रत्येक विषयाला शब्द द्या, अगदी निरर्थक मराठी वाक्यही चालेल, फक्त ऱ्हस्व-दीर्घ जुळले पाहिजेत. सर्वांनी तो गाऊन दाखवावा. मग दोन-दोन भाग वाजवा, आणि सुरुवात बास व टेनरपासून करा. ट्रेबलला सगळे आपोआप ऐकतात. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या प्रतीत फक्त विषयाचे प्रवेश खुणावायचे. प्रवेश थोडा पुढे, विषय संपताच मागे. लांब धरलेल्या स्वरांवर गज हलका झालाच पाहिजे. बसवताना बिघडतं ते बहुतेक इथेच: सहाही जण लांब स्वर पूर्ण ताकदीने धरतात आणि नव्या प्रवेशाला जागा उरत नाही.

‘इन नोमिने’ हा खास इंग्लिश प्रकार यात थोडा वेगळा. जॉन टॅव्हर्नर या संगीतकाराच्या एका मासमधून (चर्चच्या उपासनेसाठीची रचना) आलेली धून एक भाग लांबच लांब स्वरांत वाजवतो आणि बाकीचे तिच्याभोवती विणतात. ती धून वाजवणाऱ्याने स्वतःला प्रमुख समजू नये, आणि गायबही होऊ नये.

समाप्तीच्या जागी जी गोष्ट छपाईची चूक वाटते ती बहुतेक वेळा खरी असते: एका भागात एफ शार्प आणि त्याच क्षणी किंवा लगेच दुसऱ्यात एफ नॅचरल (साधा एफ). इंग्लिश रचनाकारांना ही टक्कर आवडायची, गिबन्सपासून पर्सेलपर्यंत. सुधारणा करू नका. दोघांनीही ठामपणे वाजवा आणि लगेच सुटा. संकोचून वाजवलं तरच ते बेसूर वाटतं.

लय नाडीइतकी धरा आणि तीन-तीन मात्रांच्या टप्प्यात गेल्यावर जुन्या-नव्या लयीचं प्रमाण आधीच ठरवा, तिथे ऐनवेळी कुणी ‘जाणवेल तसं’ करू नये. पर्सेलने आपल्या फँटेझियांत ‘ब्रिस्क’, ‘ड्रॅग’ असे शब्द लिहिले आहेत; ‘ड्रॅग’ म्हणजे खरंच ओढत, जवळजवळ थांबण्याइतकं.

गाणं

डाउलंडची गाणी (पहिलं पुस्तक १५९७) समोरासमोरच्या दोन पानांवर अशी छापलेली की एका बाजूला वरचा आवाज आणि ल्यूट, दुसऱ्या बाजूला बाकीचे आवाज टेबलाच्या वेगवेगळ्या कडांकडे तोंड करून. म्हणजे एकटा गायक आणि ल्यूट, किंवा चौघे गायक, किंवा गायक आणि व्हायोल, सगळं चालतं. सर्वात सुरक्षित संच: गायक, ल्यूट, बास व्हायोल.

गायकाला पट्टी उंच पडली तर टॅब्लेचर बदलू नका, ल्यूट बदला. जीऐवजी एफ ल्यूट घेतली की तीच अक्षरं एक स्वर खाली वाजतात. अडचण बास व्हायोलची: त्याची ओळ मात्र नव्याने लिहावी लागते आणि मग पहिल्या पडद्याचा हिशोबही बदलतो. हे तालमीच्या पहिल्याच दिवशी ठरवा.

बरीच गाणी कडव्यांची असतात आणि चाल पहिल्या कडव्याला चपखल बसते. दुसऱ्या-तिसऱ्यात आघात चुकतात. प्रत्येक कडवं स्वरलिपीखाली स्वतंत्र लिहून काढा, आघाताच्या अक्षरांवर खूण करा, आणि तिथे लिहिलेली लय खुशाल मोडा. छापील लय राखून शब्द वाकवणं हा जास्त मोठा दोष आहे.

उच्चार त्या काळचे करायचे की आजचे, यावर मतभेद आहेत. निदान यमकं जुळवा आणि ‘आर’ सगळीकडे ऐकू येऊ द्या. मराठी गायकांनी दोन गोष्टी पाहाव्यात: इंग्लिश टी आणि डी आपल्या ट-ड पेक्षा पुढे, दातांच्या मागच्या हिरडीवर, आणि व्ही व डब्ल्यू वेगळे. आपला एकच ‘व’ दोन्हींना लावला की अर्धी प्रेमगीतं कळत नाहीत. मींड आणि गमक हाताशी असली तरी इथे जपून. अलंकार छोटे, समाप्तीजवळ, आणि शब्द पूर्ण झाल्यावर.

हेन्री लॉझची गाणी (१६५३ पासून छापलेली) वेगळी वागतात. त्यांत चाल बोलण्याजवळ जाते आणि खाली फक्त बासची ओळ असते, बहुधा आकड्यांशिवाय (साथीचे स्वर सांगणारे आकडे). थिऑर्बोवाल्याला स्वर स्वतः भरावे लागतात. सुरुवातीचे नियम: बासमध्ये शार्प आला की त्यावर सहावा स्वर, समाप्तीआधी चौथा स्वर धरून तिसऱ्यावर सोडणे, शेवटच्या स्वरसमूहात मोठा गंधार. आघाताच्या अक्षरावर स्वर पसरून छेडा, बाकी अक्षरांवर गप्प राहा. प्रत्येक मात्रेवर छेडलं की गायक बोलू शकत नाही. इथे बास व्हायोलही सोबत हवाच असं नाही. थिऑर्बोच्या लांब खालच्या तारा पुरेशा असतात.

बैठक, हवा आणि कार्यक्रमाचा दिवस

संचाने श्रोत्यांकडे तोंड करून रांगेत बसू नये. अर्धवर्तुळ जेवढं बंद करता येईल तेवढं करा, ट्रेबल समोरासमोर आणि बास मध्ये. दोन ट्रेबलमधली देवाणघेवाण मग दिसतेही. गायक ल्यूटच्या उजव्या हाताशेजारी, म्हणजे श्वास आणि छेड एकत्र येतात. दगडी किंवा लाकडी छोटी खोली मोठ्या सभागृहापेक्षा नेहमीच बरी. माइक लावावाच लागला तर फक्त ल्यूटला, आणि तोही कमी.

मुंबई किंवा गोव्याच्या पावसाळ्यात तात आणि लाकूड दोन्ही ओल शोषतात. खुंट्या अडकतात, राळ चिकट होते, आणि सरसाने जोडलेले सांधे उष्णता-दमट हवेत सैल पडू शकतात. उलट वातानुकूलित सभागृहात लाकूड आकसतं आणि पडदे सैल होऊन सरकतात. वाद्यं निदान दोन तास आधी सभागृहात, पेट्या उघड्या ठेवून, पण थंड हवेच्या झोताखाली नाही. खुंट्यांना त्यांची खास पेस्ट आधीच लावा. सोबत ठेवा: प्रत्येक वाद्याच्या वरच्या दोन तारा, पडद्यांची तात मीटरभर, बारीक पक्कड, पेन्सिल.

सूर लावायचा क्रम ठरलेला असू द्या. आधी ऑर्गन किंवा ल्यूटवरून ए, मग बास पूर्ण, मग बासवरून टेनर, शेवटी ट्रेबल. सहा जणांनी एकदम सूर लावला तर कुणालाच काही ऐकू येत नाही. तारा जुळल्यावर पहिल्या रचनेचा शेवटचा स्वरसमूह हलक्या गजाने धरा आणि फक्त गंधार वाजवणाऱ्याने पडदा हलवायचा आहे का ते पाहा. नव्या तारा आदल्या दिवशी लावू नका, निदान तीन दिवस आधी लावा. दर दोन रचनांनंतर सूर तपासायला अर्धा मिनिट कार्यक्रमपत्रिकेतच धरा आणि त्या वेळात गायकाला पुढच्या गाण्याचे शब्द वाचून दाखवू द्या.